लयीबाहेरची खुर्ची

मंगेश खोडके वरूडच्या संत्रा मंडीत लिलाव पुकारायचा तेव्हा त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचायचा. बोली लावणाऱ्यांच्या नुसत्या भुवया पाहून तो आकडे पकडत असे आणि श्वास न घेता पुढे पुकारत जात असे. चव्वेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी, ढिगाऱ्याशेजारी उभा असताना, तो पुकारता पुकारता थांबला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी एक वाहिनी तुंबली होती. जीव वाचला, उजवा हातही बराचसा परत आला, पण शब्द हरवले. समजायचं सगळं. काय म्हणायचं तेही ठाऊक असायचं. शब्द मात्र ओठांशी येता येता निसटायचा.

त्याची बायको शर्वरी अतिदक्षता विभागाची डॉक्टर होती. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयातली नोकरी तिनं सोडली आणि ती वरूडला घरी येऊन राहिली. घरी बसून करता येईल असं तिच्या विद्येचं एकच काम होतं, ते तिनं धरलं. एक केंद्र होतं, ज्याला स्वतःची इमारत अशी नव्हतीच. पाच-पाच डॉक्टरांच्या तुकड्या आपापल्या घरून मेळघाटापासून सिरोंच्यापर्यंतच्या छोट्या रुग्णालयांतल्या अत्यवस्थ रुग्णांवर पडद्यांतून नजर ठेवत आणि तिथल्या डॉक्टरांना सल्ला देत. शर्वरीनं मागची खोली रिकामी करून तीन पडदे लावले, खिडकीला जाड पडदा शिवून घेतला आणि दाराला आतून कडी लावायची सवय केली. घरून काम करायचं तर कामाची खोली आणि घर यांच्यात एक उंबरठा लागतो, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली.

तुकडीचे प्रमुख डॉ. केळुसकर कुडाळहून काम करायचे, डॉ. नाझनीन मुजावर मिरजेहून. आणखी दोघं होते, एक लातूरचा, एक धुळ्याचा. पाचही जण हुशार, पण सुरुवातीला त्यांची तुकडी अशी जमेना. दोघं एकदम बोलू लागायचे, मग दोघंही थांबायचे, मग "तुम्ही बोला", "नाही, तुम्ही बोला". तिकडे रुग्णाचा रक्तदाब घसरत असायचा. नाझनीन एकदा म्हणाली होती की समोरासमोर असतो तर एकमेकांच्या चेहऱ्यावरूनच निम्मं काम झालं असतं.

केंद्रानं 'समताल' आणलं ते याच अडचणीवर.

दोन माणसं एका खोलीत बसून एकच काम करू लागली, की त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी हळूहळू एकमेकींच्या चालीनं चालू लागतात, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून माहीत होतं. नजरानजर, श्वास, मान हलवणं, बोलण्यातल्या थांब्यांची लांबी अशा शेकडो बारीक खुणांनी ही चाल जुळते. पडद्यावर मात्र चित्र आणि आवाज पोचायला क्षणाचा काही अंश उशीर होतो. कानाला तो कळत नाही, मेंदूला कळतो, आणि जुळत आलेली चाल पुन्हा पुन्हा मोडते.

समतालची पट्टी कानामागे बसायची. ती लहरी मोजायची, पाचही जणांची मिळून एक सरासरी चाल काढायची आणि कातडीवरून अगदी सौम्य प्रवाह सोडून प्रत्येकाच्या मेंदूला त्या चालीकडे किंचित ढकलायची. ती विचार वाचत नव्हती आणि विचार घालतही नव्हती. झोपाळ्यावर बसलेल्याला बरोबर वेळ साधून हलकासा हात लावावा, तसं तिचं काम होतं.

पण परिणाम विलक्षण होता. पहिल्याच आठवड्यात पाचही जणांचं बोलणं एकमेकांत गुंफलं गेलं. केळुसकरांनी "याचं लघवीचं—" म्हणावं आणि नाझनीननं आकडा पडद्यावर आणलेला असावा. शर्वरीच्या मनात औषधाचं नाव यावं आणि धुळ्याच्या सहकाऱ्यानं तेच सुचवावं. पूर्वी ज्या निर्णयाला अर्धा तास लागायचा तो चार-पाच मिनिटांत होऊ लागला, आणि निर्णय बहुतेक वेळा बरोबरही ठरत. रुग्ण वाचत होते. शर्वरीला तर नागपूर सोडल्यापासून पहिल्यांदाच आपण एकट्या नाही आहोत असं वाटलं. मागच्या खोलीचं दार लावून तिनं पट्टी कानामागे दाबली, की जणू भरल्या घरात पाऊल टाकल्यासारखं व्हायचं.

दार उघडून बाहेर आलं की मात्र घर संथ वाटायचं. पट्टी काढल्यावरही मेंदू काही तास त्याच चालीत राहायचा. पाळीनंतर दूध तापायला वेळ लागतो, शेजारीण गोष्ट सांगताना मध्येच थांबते, या साध्या गोष्टींचा तिला त्रास होऊ लागला. आणि सगळ्यांत संथ होता मंगेश.

एका दुपारी जेवताना त्यानं घास खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं होतं. "मं..." तो म्हणाला. "मं..."

"मंजन संपलं?" शर्वरीनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. पुन्हा ओठ जुळवले.

"मंदाआत्या? मंदाआत्याचा फोन आला होता? मग मंगळवार? मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय, ते माहितीये मला."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं घास उचलला आणि जेवण संपवलं. त्यानंतर तो त्या विषयावर आला नाही. खरं तर त्या आठवड्यात तो फारसं बोललाच नाही, आणि शर्वरीच्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात आणून दिलं ते त्याच्यावर वाचोपचार करणाऱ्या, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या बाईंनी. त्यांचं नाव प्रज्ञा सावळे. त्या आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. त्यांनी शर्वरीला अंगणात बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, की दोन महिन्यांपूर्वी मंगेश तीन-चार शब्दांचं वाक्य जोडत होता, आता एका शब्दावर आला आहे, आणि हे आजारानं झालेलं नाही.

"त्यांचं वाक्य दुसरं कोणी पुरं करतं, म्हणून ते सुरूच करत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना औषधाची गरज नाही, थांबणाऱ्या माणसाची आहे."

मग त्यांनी सहज विचारलं, की मंडीत जायचं काय ठरलं. शर्वरीला काही उमगेना. तेव्हा कळलं, की मंगेशला आठवड्यातून दोन सकाळी मंडीत जाऊन नुसतं बसायचं होतं. बाईंनीच त्याला ते सुचवलं होतं आणि बायकोला विचार म्हणून सांगितलं होतं.

शर्वरी बराच वेळ अंगणातच उभी राहिली. मंडीत आयुष्य काढलेल्या माणसानं 'मं' म्हटलं तर तिला पहिला शब्द मंडीच सुचायला हवा होता. तिला मंजन सुचलं, आत्या सुचली. तो परत मंडीत जाईल हे तिनं मनातून केव्हाच पुसून टाकलं होतं, आणि हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी तिनं केळुसकरांना सांगितलं, की ती यापुढे पट्टी लावणार नाही. कारणही सांगितलं. केळुसकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण पट्टी करारात होती आणि त्यांची खरी अडचण वेगळी होती. चौघं एका चालीत आणि पाचवी बाहेर, म्हणजे पाचवीसाठी चौघांनी थांबायचं.

"शर्वरी, तू आपल्यातली उत्तम डॉक्टर आहेस," ते म्हणाले. "पण तुझ्यासाठी मी रुग्णांना उशीर करू शकत नाही."

तिनं नोकरी सोडणार नसल्याचंही सांगितलं. हे काम तिला येत होतं आणि ते तिला करायचं होतं. शेवटी केंद्रानं मधला मार्ग काढला. महिनाभर ती निरीक्षकाच्या खुर्चीत बसेल. सगळं पाहील, सगळं ऐकेल, विचारलं तरच बोलेल, निर्णयात तिचं मत धरलं जाणार नाही. महिन्यानंतर पट्टी किंवा राजीनामा. तिनं ते मान्य केलं.

पहिले काही दिवस अवघड गेले. चौघं तिच्यासमोर इतक्या वेगानं बोलत, की तिला अर्धं कळायचं नाही. तिच्याशिवाय त्यांचं काही अडत नव्हतं, हे पाहणं त्याहून अवघड होतं. पण तिनं आपली बैठक मोडली नाही. ती एकेका रुग्णाचा पडदा उघडून सावकाश वाचत बसे. घरी ती मंगेशसमोर बसून हात मांडीखाली दाबून ठेवायची. बोलायचा मोह आवरायला तिला तो उपाय सापडला होता. आठवड्याभरानं मंगेश स्वतःहून म्हणाला, "मंडी... मला... जायचंय." तिनं दुसऱ्या सकाळी त्याला नेऊन सोडलं.

दौलत कुमरे समोर आला तो त्याच महिन्यात, मोहफुलांच्या हंगामातल्या एका सकाळी.

गडचिरोलीकडच्या एका लहान रुग्णालयातून डॉ. पल्लवी गेडाम या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यानं मदत मागितली. पंचेचाळिशीचा माणूस. उठल्यावर पोटात दुखतं म्हणाला, मग बोलणं अडखळलं, पापण्या मिटत गेल्या. बैलगाडीतून आणि मग जीपमधून आणेपर्यंत श्वास थांबत आला होता. पल्लवीनं वेळेवर घशात नळी घालून त्याला श्वसनयंत्रावर घेतलं होतं. आता तो निपचित पडून होता. रक्तदाब भयंकर चढलेला. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि बॅटरीच्या प्रकाशाला जराही न हलणाऱ्या. चिमटा काढला तरी हालचाल नाही. पूर्वीपासून रक्तदाबाचा त्रास होता, गोळ्या सोडल्या होत्या.

केळुसकरांनी पाहिलं आणि म्हणाले की मेंदूच्या देठात रक्तस्राव झालेला दिसतो. ते वाक्य पुरं व्हायच्या आत नाझनीननं त्याला धरून पुढची तपासणी मागितली, लातूरच्यानं वाचण्याची शक्यता मांडली, धुळ्याच्यानं सर्वांत जवळचं स्कॅनचं यंत्र किती लांब आहे ते सांगितलं आणि एवढा प्रवास झेपणार नाही असंही. चारही आवाज एका माणसाचे असावेत तसे एकापुढे एक बसत गेले. पाच मिनिटांच्या आत मत तयार झालं, की मेंदू मृतवत आहे, करण्यासारखं काही उरलेलं नाही. नातेवाईकांना सगळं समजावून सांगावं आणि त्यांची इच्छा असेल तर घरी नेऊ द्यावं. केळुसकरांनी ते पल्लवीला हळुवार शब्दांत सांगितलं. खोलीतल्या ध्वनिक्षेपकावरून ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. खाटेशी उभी असलेली दौलतची बायको ताराबाई खाली वाकली आणि नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलू लागली.

शर्वरी तेव्हा त्याच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ पाहत होती. ती रेघ चढली. अठ्ठ्याऐंशीवरून एकशे वीसच्या आसपास गेली. ताराबाई पदरानं डोळे पुसायला बाजूला झाली तशी ती हळूहळू खाली आली. ताराबाई पुन्हा वाकली. रेघ पुन्हा चढली.

"सर, थांबा," शर्वरी म्हणाली.

कोणी थांबलं नाही. पुढच्या रुग्णाचा पडदा उघडत होता.

"थांबा म्हणाले मी. हा माणूस ऐकतोय."

केळुसकरांनी तिला आठवण करून दिली की ती निरीक्षक आहे. तिनं ते मान्य केलं आणि तरीही बोलत राहिली. तिनं पल्लवीला थेट सांगितलं, की खोलीतल्या सगळ्यांना गप्प करा आणि मग ताराबाईंना एकटीला बोलू द्या. पल्लवीनं तसं केलं. सगळ्यांच्या देखत रेघ चढली, आणि ताराबाई थांबताच उतरली. मेलेला मेंदू बायकोचा आवाज ओळखत नाही.

नाझनीन म्हणाली की हा योगायोग असू शकतो. तिचा आवाज रागीट नव्हता. दारात कोणी आडवं उभं राहावं आणि वाट अडावी, तसा तो त्रासिक होता.

"असेल," शर्वरी म्हणाली. "पण मला ताराबाईंना एक विचारू द्या." आणि तिनं विचारलं, की दौलतराव काल कुठं झोपले होते.

"मोहाच्या झाडाखालीच निजले होते जी," ताराबाई म्हणाली. "फुलं राखायले. खालीच, चटईवर."

आता पुढचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांच्यातला प्रत्येक जण परीक्षेत ते लिहून आला होता. मण्यार साप रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दंश इतका बारीक की माणूस जागाही होत नाही, खूणही सापडत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग एकेक स्नायू बंद पडतो, डोळ्यांच्या बाहुल्यांसकट. बाहेरून माणूस मेल्यासारखा दिसतो. आत तो पूर्ण जागा असतो. त्याला श्वास देत राहिलं तर काही दिवसांनी विष उतरतं आणि तो उठून बसतो.

शर्वरीनं केळुसकरांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. सर्पविषावरचं प्रतिविष सुरू करायला तिनं पल्लवीला सांगितलं, आणि त्याचा उपयोग होवो न होवो, श्वसनयंत्र कोणत्याही परिस्थितीत काढायचं नाही, हे दोनदा बजावलं. गुंगीचं औषध द्या, तो घाबरलेला आहे, असंही सांगितलं. मग ती केळुसकरांना म्हणाली की हा सल्ला आपल्या एकटीच्या नावावर नोंदवा.

केळुसकरांनी ठोक्यांची रेघ पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "सगळ्यांच्या नावावर नोंदवा."

संध्याकाळी त्यांनी तिला वेगळा फोन केला. पट्टी काढून बराच वेळ झाला होता, असं ते म्हणाले. ती मध्ये बोलली तेव्हा काय झालं, ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तिचं म्हणणं चूक वाटलं नव्हतं. ते नीट ऐकूच आलं नव्हतं. भातात खडा लागावा तसा तिचा आवाज लागला आणि तो बाजूला काढावासा वाटला. ठोक्यांची रेघ त्यांनाही दिसत होती. पण चालीत चौघं पुढे निघाले होते, आणि एकदा निघाल्यावर थांबावंसं कोणालाच वाटलं नाही.

शर्वरीनं याचा विचार आधीच केला होता. ताल जुळला की विश्वास वाटतो आणि विश्वास वाटला की शंका मरते, आणि पट्टी शंकेत आणि अडथळ्यात फरक करू शकत नाही. तिनं केंद्राकडे मागणी केली, की प्रत्येक पाळीत एक जण पट्टीशिवाय बसावा. तो निरीक्षक नसावा. निर्णय नोंदवण्याआधी त्याचं मत घ्यायलाच हवं. आणि ती खुर्ची शिक्षा म्हणून नको, आळीपाळीनं सगळ्यांना मिळावी. केंद्राला हे पटायला वेळ लागला. कामाचा वेग कमी होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. होईल, असं तिनं उत्तर दिलं. किती कमी झाला तर चालेल तेवढं सांगा. बैठकीमागून बैठका झाल्या, प्रत्येक बैठकीत ती तेच बोलली, आवाज न चढवता. शेवटी तिच्या तुकडीपुरता तो नियम झाला. बाकीच्या तुकड्यांचं भांडण अजून चालू होतं आणि ती ते सोडणार नव्हती.

या बैठका सुरूही झाल्या नव्हत्या तेव्हाच दौलत कुमरेची बोटं आधी हलली, मग पापण्या. पुढच्या आठवड्यात नळी निघाली. पल्लवीनं मुद्दाम तुकडीच्या पाळीची वेळ साधून कॅमेरा त्याच्याकडे वळवला. तो उशीला टेकून बसला होता, घोगऱ्या आवाजात बोलत होता.

"सगळं ऐकू येत होतं जी," तो म्हणाला. "डोळे उघडत नव्हते, हात उचलत नव्हता. घरी नेऊन टाका म्हणले, तेबी ऐकलं. मी आतून ओरडत होतो. कोणालेच ऐकू जात नव्हतं."

केळुसकरांनी कानामागची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"ते मी म्हणालो होतो, दौलतराव," ते म्हणाले. "माझी चूक झाली."

दौलतनं त्यांच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

पाळी संपल्यावर शर्वरी दार उघडून बाहेर आली. मंगेश ओसरीवर बसला होता, मंडीतून येऊन फार वेळ झाला नव्हता. ती त्याच्यासमोर बसली. दौलतची हकीकत तिनं त्याला सांगितली आणि मग एक गोष्ट विचारली. ती तिनं इतक्या महिन्यांत कधीच विचारली नव्हती. नागपूरला तिच्याच अतिदक्षता विभागात तो पहिले काही दिवस डोळे मिटून पडला होता, तेव्हा त्याला काही ऐकू येत होतं का?

मंगेशनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग ओठ जुळवले.

"तू..." तो म्हणाला. "मला... सात... नंबर... म्हणालीस."

तिला आठवलं. सहकाऱ्यांशी बोलताना, स्कॅन हातात धरून, सात नंबरचा पेशंट. सगळ्यांबद्दल तसंच बोलतात, तिला सांगावंसं वाटलं. रडू येऊ नये म्हणून मी तसं बोलत होते, हेही सांगावंसं वाटलं. माफी ओठांवर आली होती. पण मंगेशचे ओठ अजून हलत होते. तिनं हात मांडीखाली दाबून धरले आणि ती थांबली.

"पण..." तो म्हणाला. पुढचा शब्द दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यानं तो धरला. "आवाज... तुझा... होता. म्हणून... मी... घाबरलो... नाही."